जुनी काडी, नवी काडी आणि पंचेचाळीसच्या तबकड्या

फेब्रुवारीत कात्री घेऊन रास्पबेरीपाशी उभं राहिलं की सगळं एका प्रश्नावर अडतं. ही ओळ उन्हाळी की शरदातली? पानं गळालेली, छातीपर्यंत आलेल्या तपकिरी काड्या, लांबून दोन्ही ओळी जुळ्या बहिणींसारख्या. शरदातली असेल तर एकूण एक काडी जमिनीलगत कापायची. उन्हाळी असेल आणि तेच केलं, तर जुलैचं फळ त्या काड्यांबरोबर कंपोस्टच्या ढिगात जातं.

त्याच दिवशी पाचच्या सुमाराला अंधार पडला की घरी टेबलावर सोल या अमेरिकी संगीतप्रकाराच्या पंचेचाळीसच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड निघतात, आणि तिथंही पहिला प्रश्न तोच. ही कुठल्या प्लास्टिकची, व्हायनिलची की स्टायरीनची? दोन्ही काळ्या, दोन्ही सात इंची, दोन्हींच्या मध्ये मोठं भोक. एकीला जे धुणं मानवतं त्यानं दुसरीचं लेबल उचलून येतं. उत्तर-पश्चिम इंग्लंडातल्या लँकेशायरमधले माझे हिवाळे या दोन कामांत जातात. दोन्हीकडे नुकसान झालं ते आळसानं कमी आणि ओळख चुकल्यानं जास्त, म्हणून इथं ओळखीवरच भर आहे.

आधी जागेबद्दल. माझी झुडपं अलॉटमेंटवर आहेत. अलॉटमेंट म्हणजे इंग्लंडात स्थानिक कौन्सिल वर्षाच्या भाड्यानं देते तो जमिनीचा तुकडा. मागणी असेल तिथं असे तुकडे देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्यानं कौन्सिलवर टाकली. पूर्ण तुकडा दहा रॉडचा. रॉड हे जुनं इंग्रजी माप; दहा रॉड म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा, आपल्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे. आता प्रतीक्षायाद्या लांबल्यामुळे पुष्कळदा अर्धाच तुकडा हाती येतो. सव्वा गुंठ्यात रास्पबेरीच्या दोन ओळी, घडात काळे आंबट दाणे धरणाऱ्या ब्लॅककरंटची तीन झुडपं, लाल दाण्यांची रेडकरंट दोन, गूजबेरी दोन आणि स्ट्रॉबेरीचा एक वाफा आरामात बसतो. वर बटाट्याला आणि शेडला जागा उरते. मोठी फळझाडं लावायला पुष्कळ ठिकाणी करारात मनाई असते. झुडपांना सहसा नसते, तरी करार वाचूनच खड्डा खणावा.

लागवड नोव्हेंबर ते मार्च. या काळात उघड्या मुळांची, कुंडीशिवायची रोपं मिळतात. ती स्वस्त असतात आणि लवकर रुजतात. त्याआधी हरळीसारख्या काउच गवताची पांढरी मुळं आणि बाइंडवीड या वेलतणाचे तुकडे हातानं वेचून काढायचे. खोदयंत्र फिरवलं की एका मुळाचे वीस तुकडे होतात आणि वीस रोपं उगवतात. रास्पबेरीची मुळं उथळ असल्यामुळे नंतर त्यांच्यात खुरपं घालता येत नाही. आता राहिलेलं तण दहा वर्षं राहतं.

घोड्यांच्या तबेल्यातलं शेणखत फुकट मिळतं, पण ते आधी तपासायचं. गवताच्या कुरणावर अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलेलं असेल तर ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून न मोडता खतात उतरतं. इंग्लंडात २००८ च्या सुमाराला यानं कित्येकांचे बटाटे आणि टोमॅटो वेडेवाकडे झाले. तपासणी सोपी आहे. निम्मं खत आणि निम्मं विकतचं कंपोस्ट मिसळून तीन कुंड्या भरायच्या, नुसत्या कंपोस्टच्या आणखी तीन, आणि सगळ्यांत ब्रॉड बीनच्या बिया. महिन्याभरात खताच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली किंवा नेच्यासारखी आकसली तर ते खत परत पाठवायचं. दुसऱ्या तीन कुंड्या नसतील तर मात्र थंडीनं आकसलं की औषधानं, हे कळत नाही.

आता रास्पबेरी. मूळ वर्षानुवर्षं जगतं, काडीचं आयुष्य दोन वर्षांचं. ग्लेन अँपल किंवा टुलामीन यांसारख्या उन्हाळी जातींत काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी जुलैत फळते आणि मरते. ऑटम ब्लिस, जोन जे, पोल्का या शरदातल्या जाती त्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर ऑगस्टपासून दव गोठवणाऱ्या पहिल्या कडक थंडीपर्यंत फळतात. द्राक्षबागेत वाढलेल्या नाशिक-सांगलीकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं: एकीला फळ जुन्या काडीवर, दुसरीला नव्या.

लेबल हरवलं असेल तर हिवाळ्यात ओळखायचं असं. काडीचा शेंडा बघा. वरच्या तिसऱ्या हिश्शात सुकलेल्या फळांचे देठ, पांढुरके आणि टोकाशी चिमटल्यासारखे, जवळजवळ प्रत्येक काडीवर असतील तर ती शरदातली. काही काड्या करड्या, साल सुटलेल्या, बगलेत मेलेल्या फांद्यांच्या आणि बाकीच्या गुळगुळीत, फांदी नसलेल्या, शेंडा स्वच्छ असलेल्या, असं मिश्रण दिसलं तर उन्हाळी. तरी शंका असेल तर यंदा काहीच कापू नका. शरदातली न कापल्यानं बिघडत नाही. जुन्या काडीच्या खालच्या डोळ्यांतून, म्हणजे अंकुरांतून, जूनमध्ये थोडं फळ येतं आणि शरदातलं थोडं कमी होतं. काही जण मुद्दाम चार-सहा काड्या तशा ठेवतात. चुकीची कात्री एक हंगाम खाते, कोरी कात्री काही खात नाही.

लावताना दोन रोपांत ४५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत १.८ मीटर. मुळं पसरून वर जेमतेम ५ सेंटिमीटर माती. खोल लावली की नवे फुटवे वर यायला झगडतात. लावल्यावर काडी २५ ते ३० सेंटिमीटरवर, डोळ्याच्या वर छाटायची. आमच्याकडची चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून ओळ वीतभर उंच वरंब्यावर घ्यावी लागते. पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाची मूळकूज येते. वसंतात नवी काडी माना टाकते, उपटून मूळ उभं चिरलं तर आत पांढऱ्याऐवजी लालसर तपकिरी दिसतं. त्या जागी पुन्हा रास्पबेरी लावायची नाही, कितीही मोह झाला तरी.

उन्हाळी ओळीला आधार हवाच. २.४ मीटरचे खांब, ६० सेंटिमीटर जमिनीत, ओळीच्या दोन टोकांना एकेक. तारा ७५ सेंटिमीटर, १ मीटर आणि दीड मीटरवर. तार गॅल्व्हनाइज्ड, आणि टोकाच्या खांबाला तिरका टेकू. टेकू नसला की पहिल्याच भरघोस जुलैत खांब आत झुकतो, तारा सैल पडतात आणि काड्या एकमेकींवर घासून सोलतात. फळं संपताच फळलेल्या काड्या मुळाशी कापायच्या आणि नव्यांतल्या जोमदार निवडून तारेवर दर १० सेंटिमीटरला एक बांधायची. उरलेल्या काढून टाकायच्या. इथं हात आखडला तर पुढच्या वर्षी दाटीत बुरशी येते. शरदातल्या ओळीला दोन्ही बाजूंनी एकेक दोरी ओढली तरी पुरते.

पिकलेल्या फळाच्या देठाकडचे मणी करडे आणि सुके निघाले आणि आत फिकट तपकिरी अळी असली तर तो रास्पबेरी बीटल. शरदातल्या जाती यातून बहुतेक सुटतात, कारण त्या फुलतात तोवर किड्याचा हंगाम सरलेला असतो. एकच ओळ लावायची असेल तर माझं मत शरदातल्या ओळीला, आणि त्याचं निम्मं कारण छाटणीत डोकं लावावं लागत नाही हे आहे.

ब्लॅककरंट आणि रेडकरंट यांची नावं भावंडांची, चालीरीती सासू-सुनेच्या. ब्लॅककरंटला चांगलं फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून झुडपानं जमिनीतून सतत नव्या काड्या फेकल्या पाहिजेत. ते रोपवाटिकेतल्या खुणेपेक्षा ५-६ सेंटिमीटर खोल लावायचं आणि सगळ्या काड्या जमिनीपासून एक-दोन डोळ्यांवर आणायच्या. खरड छाटणीच म्हणा. पैसे मोजून आणलेलं झुडूप बोटभर ठेवणं जिवावर येतं आणि पहिलं वर्ष फळाविना जातं. पण न छाटलेलं झुडूप पाच वर्षांनीही फराट्यासारखं तीन काड्यांवर उभं असतं. पुढे दर हिवाळ्यात सगळ्यांत जुनं, काळं पडलेलं लाकूड, साधारण चौथा ते तिसरा हिस्सा, बुडातून काढायचं. दोन झुडपांत दीड मीटर. खताला हे खादाड आहे, ओंजळीनं भागत नाही, घमेल्यानं लागतं.

रेडकरंट आणि गूजबेरी उलट. त्यांचं फळ जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर येतं. त्यांना १०-१५ सेंटिमीटरचं एकच खोड ठेवायचं, वर आठ-दहा मुख्य फांद्यांचा मध्ये मोकळा पेला करायचा आणि हिवाळ्यात बगलफांद्या एक-दोन डोळ्यांवर आणायच्या. ब्लॅककरंटसारखं यांचं जुनं लाकूड काढत गेलात तर फळाची जागाच काढत गेलात.

पानं नसताना दोन्ही करंट ओळखायला नाक वापरा. नखानं साल थोडी खरवडून वास घ्या. ब्लॅककरंटला उग्र, मांजराच्या मुतासारखा म्हटला तरी चालेल असा वास येतो. रेडकरंटला काही नाही. डोळेही त्याच वेळी बघून घ्यावेत. ब्लॅककरंटचा निरोगी डोळा निमुळता असतो. वाटाण्यासारखे गोल फुगलेले डोळे दिसले तर आत नुसत्या नजरेला न दिसणारे माइट नावाचे बारीक किडे आहेत. थोडे असतील तर खुडून जाळायचे. हे माइट रिव्हर्जन नावाचा विषाणू पसरवतात. झुडूप हिरवंगार राहतं आणि फळ दरवर्षी घटतं, त्यावर उपाय नाही, उपटायचंच. नवीन घेणार असाल तर बेन होप घ्या, ती या माइटला दाद देत नाही. बेन नावाच्या जाती स्कॉटलंडात डंडीजवळच्या संशोधन केंद्रातून आल्या. स्कॉटिश डोंगरांची नावं आहेत ती.

गूजबेरीबद्दल आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कागदी सालात येणारी केशरी रसभरी म्हणजे केप गूजबेरी. ती टोमॅटोच्या कुळातली. ही गूजबेरी काटेरी झुडपावरची, शिरा दिसणारी, आंबट. भुरीला तोंड देणारी इन्व्हिक्टा जात धरली की एकच शत्रू उरतो: सॉफ्लाय माशीच्या अळ्या. हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या, आणि त्या झुडपाच्या पोटात, खालच्या पानांच्या मागे सुरुवात करतात. बाहेरून झुडूप ठीक दिसतं आणि आठवड्यात नुसत्या शिरा उरतात. एप्रिलच्या मध्यापासून दोन दिवसांआड आतली पानं उलटी करून बघायची आणि अळ्या चिमटीनं काढायच्या. पेला मोकळा ठेवण्याचा खरा फायदा इथं कळतो: काट्यांत हात घालता येतो.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरमुळे मराठी वाचकाला परकी नाही, पण तिथली घडी इथं लावू नये. तिथं पावसाळा सरता सरता लावून हिवाळा-उन्हाळ्यात फळ घेतात आणि दर हंगामाला नवी रोपं. इथं ऑगस्ट-सप्टेंबरात लावायची, पुढच्या जूनमध्ये फळ आणि तोच वाफा तीन वर्षं. अंतर ४५ सेंटिमीटर, ओळींत ७५. रोपाचा गड्डा मातीच्या बरोबर पातळीला हवा: खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. फळाखाली गव्हाचं काड, वर जाळी. चौथ्या वर्षी नवा वाफा दुसऱ्या जागी.

जाळीचं एक दुखणं सांगतो. दोन मीटर उंच पिंजरा केला की छताची जाळी नोव्हेंबरात काढावी लागते, नाहीतर ओल्या बर्फाच्या वजनानं सांगाडाच बसतो. छत काढलं की बुलफिंच पक्षी गूजबेरीचे डोळे टिपून खातात. मी सांगाडा वाचवतो, आणि गूजबेरीची छाटणी फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबवतो, म्हणजे कुठले डोळे उरलेत ते बघून कापता येतं.

आता टेबलाकडे. लँकेशायरमध्ये सोलच्या रेकॉर्ड इतक्या का सापडतात याला कारण आहे. डेट्रॉइट आणि शिकागोच्या छोट्या कंपन्यांची साठच्या दशकातली, अमेरिकेत न चाललेली जलद गाणी उत्तर इंग्लंडच्या रात्रभर चालणाऱ्या नाचांत गाजली. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, स्टोकचं टॉर्च, आणि २३ सप्टेंबर १९७३ ते डिसेंबर १९८१ चालू असलेलं विगन कसिनो. या प्रकाराला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव १९७० मध्ये डेव्ह गॉडिन या पत्रकारानं छापील लेखातून रूढ केलं. नाचणारे पाय घसरावेत म्हणून फरशीवर टाल्कम पावडर टाकत. अशा रात्री पाहिलेल्या रेकॉर्डचा कागदी खिसा झटकला तर कधी कधी पांढरी भुकटी निघते, आणि तीच खाचांत बसलेली असते.

धुण्याआधी ओळख. रेकॉर्ड कडेनं धरून नखानं हलकेच टिचकी मारा. व्हायनिल ‘थप्’ असं बोदं वाजतं, स्टायरीन ‘टिक्’ असं कडक, स्वस्त प्लास्टिकच्या डब्यासारखं. वाकवून बघायचा मोह आवरा. स्टायरीन लवत नाही, तडकतं. लेबलही बोलतं. व्हायनिल दाबताना लेबल त्यातच दाबलं जातं, नखाला कड लागत नाही. स्टायरीन साच्यात ओतून मागाहून लेबल चिकटवतात, त्यामुळे कड लागते आणि जुन्यांत ती सुटलेलीही असते. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंतच्या कोऱ्या पट्टीत छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा कोरलेला असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली, म्हणजे स्टायरीन. कोलंबिया कंपनीचा न्यू जर्सीतल्या पिटमनचा कारखानाही स्टायरीनचाच, म्हणून कर्टिस मेफील्डनं मेजर लान्स या गायकासाठी लिहिलेली गाणी कोलंबियाच्याच ज्या ‘ओके’ (Okeh) लेबलवर निघाली त्या लेबलच्या पुष्कळ पंचेचाळीस स्टायरीनच्या आहेत. अटलांटिक कंपनीचं तर एकच गाणं कारखान्यागणिक दोन्हींत सापडतं.

धुणं असं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या बिनवासाच्या साबणाचे दोन-तीन थेंब. जास्त घातला तर सुकल्यावर थर राहतो आणि सुई तो नांगरत जाते. व्हायनिलसाठी यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतो. स्टायरीनला अल्कोहोल मी देत नाही. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबल कोरडं राहावं म्हणून रेकॉर्ड सपाट ठेवून पाणी ब्रशवर घ्यायचं, रेकॉर्डवर ओतायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दुसरा हात, भांड्यांच्या जाळीत उभी करून तासभर सुकवायची आणि नव्या कागदी खिशात. जुना खिसा छापील असेल तर वेगळा जपावा, पण धुतलेली रेकॉर्ड त्यात घातली की धुणं फुकट. घरी आजोबांच्या नाट्यपदांच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांना लावू नका. त्यांत लाख असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एकदा पुसलं तरी वरचा थर निघून जातो.

धुऊनही खरखर राहिली तर? व्हायनिलची तडतड बहुतेकदा धूळ असते आणि दुसऱ्या धुण्यात कमी होते. स्टायरीनची एकसारखी सूऽऽ अशी खरखर म्हणजे खाचेची भिंतच झिजली. ती कशानंच परत येत नाही. स्टायरीनला गोल टोकाची, १८ मायक्रॉनची सुई लावायची, वजन सुई धरणाऱ्या कार्ट्रिजवर सांगितलेलं तेवढंच. आणि गाण्याची सुरुवात गाठायला रेकॉर्ड हातानं उलटी फिरवायची नाही. डीजे मंडळींच्या या सवयीनं सुरुवातीची दोन सेकंदं भाजल्यासारखी होतात. घेताना सुईखाली पहिली दहा सेकंदं ऐकली तर हे लगेच कळतं. वाकलेली व्हायनिल दोन काचांमध्ये हलक्या उष्णतेवर सरळ होऊ शकते. स्टायरीनवर हा प्रयोग करू नये.

नकली ओळखण्यातही हीच टिचकी कामाला येते. फ्रँक विल्सनची १९६५ ची ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ नावाच्या लेबलवर दाबली गेली आणि बाजारात येण्याआधीच रद्द झाली. मोजक्याच प्रती उरल्या, त्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. अशा भावांमुळे सत्तरच्या दशकापासून दुर्मीळ गाण्यांच्या नकला दाबल्या जातात. लेबलावरची अक्षरं भिंगाखाली फुटकी दिसणं ही एक खूण. कोऱ्या पट्टीत मूळ प्रतीवर शिक्का असायला हवा तिथं हातानं खरडलेला आकडा ही दुसरी. आणि मूळ फक्त स्टायरीनवर निघालेली असताना हातातली ‘थप्’ वाजली, तर पुढचं काही बघायची गरज नसते.

रेकॉर्ड अलॉटमेंटच्या शेडमध्ये न्यायच्या नाहीत. हिवाळ्यात ओलीनं लेबलांवर बुरशी येते, जूनच्या दुपारी पत्र्याखाली व्हायनिल बशीसारखं होतं. तिथं रेडिओ पुरे. जुलैत ब्लॅककरंट घडासकट तोडायचे, घरी ताटात पसरून फ्रीझरमध्ये घट्ट करायचे आणि मग काट्यानं घड ओढले की दाणे सुटे होतात. ओल्या फळाला हे करायला गेलं तर लगदा होतो. बोटांना लागलेला जांभळा रंग साबणाला दाद देत नाही, लिंबानं उतरतो, तोही दोन दिवसांत. तेवढे दिवस डेमो प्रतींना, म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेल्या रेकॉर्डना, हात लावत नाही. त्यांची लेबलं पांढरी असतात.